जुन्याले काय झालं होतं?

१३ सप्टेंबर २०२३ ची संध्याकाळ होती. अधिक श्रावणामुळे त्या वर्षी पोळा लांबला होता आणि तो दुसऱ्या दिवशी होता. अंगणात बाबा बैलांचे खांदे शेकत होते. वाटीत कोमट तूप, त्यात कालवलेली हळद, हातात पळसाचे पान, आणि एकेका बैलाच्या कानाशी वाकून दरवर्षीचे तेच शब्द, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मी ओसरीवर सतरंजी अंथरून, लॅपटॉप पालथा घालून आणि त्याच्या पोटावरचे झाकण काढून बसले होते. जुना प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू म्हणावी अशी चिप, सॉकेटमधून, म्हणजे तिच्या बैठकीतून उचलून मी प्लॅस्टिकच्या एका छोट्या डबीत ठेवला होता आणि त्याच डबीतून आलेला दुसरा त्याच्या जागी बसवला होता. बाबा हात पुसत पायरीवर टेकले, ती डबी उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, “जुन्याले काय झालं होतं व बाई?” मी म्हणाले, “काही नाही.” ते थोडे थांबले. “काहीच नाही, तं मंग काढलं काहाले?” तो हळू चालत होता, असे उत्तर मी दिले. त्यांनी डबी होती तशी खाली ठेवली आणि ते पुन्हा बैलांकडे गेले.

आपले हे उत्तर आपल्यालाच पटलेले नाही, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले.

आमच्या गावात वस्तूचा भाग बदलायला कारण लागते, आणि ते कारण बहुधा डोळ्यांना दिसते किंवा नाकाला कळते. विहिरीवरच्या मोटारीची एक फेज गेली आणि ती तशीच घुरघुरत राहिली, तर आतली तार काळी पडते आणि जळक्या वार्निशचा वास धुऱ्यापर्यंत येतो. मग ती मोटार दुचाकीच्या मागे दोरीने आवळून वाइंडिंगसाठी तालुक्याला न्यावी लागते. वखराची पास झिजली की ती बोटाला कळते. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली की रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात तिचा खडखडाट ऐकू येतो. काढून टाकलेला प्रत्येक भाग आपले दुखणे अंगावर घेऊन बाहेर येतो आणि बघणाऱ्याला पुन्हा विचारावे लागत नाही. बाबांनी डबीत पाहिले तेव्हा त्यांना असे काहीच दिसले नसणार. हिरव्या पाटीच्या मधोमध नखाएवढा काळसर आरसा होता. त्याच्यावरची उष्णता वाहून नेणारी, पण आता वाळलेली पेस्ट मी पुसून काढल्यामुळे ओसरीच्या दिव्याचे प्रतिबिंब त्यात लख्ख पडत होते. बारा वर्षे राबलेल्या वस्तूवर एक ओरखडाही नव्हता.

तो लॅपटॉप २०११ च्या दिवाळीनंतर घरात आला. यवतमाळला माझ्या पदविकेचे पहिले वर्ष चालू होते आणि बाबांनी पहिल्या वेचणीच्या कापसाचा चुकारा आल्यावर तो घेऊन दिला होता. त्याच्यावर चिकटवलेल्या निळ्या चौकोनात ‘कोर आय-थ्री’ असे लिहिलेले होते आणि मी तो चौकोन कित्येक वर्षे नख लागू न देता जपला. आतला प्रोसेसर आय-थ्री २३१०एम होता, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा, दोन कोरचा, २.१ गिगाहर्ट्झ वेगाचा. तेव्हा हे आकडे मला पाठ होते, पण त्यांचा अर्थ माझ्या आयुष्यात फारसा उतरलेला नव्हता. पुढे मी गावात परतले आणि ओसरीलगतच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र सुरू केले. तेव्हापासून या यंत्राचा प्रत्येक श्वास माझ्या कमाईशी बांधला गेला. २०१९ मध्ये मी त्यातली फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम वाढवून आठ जीबी केली. एसएसडीने जो फरक पडला तो अक्षरशः घरभर ऐकू आला, कारण चहा ठेवून लॅपटॉप सुरू करायचा आणि चहा गाळून होईपर्यंत तो उघडायचा, हा आमच्या सकाळचा क्रमच त्या दिवसापासून मोडला. जुन्या लॅपटॉपवर पैसे घालायचे असतील तर ते आधी तिथे घालावेत, असे मी आजही सगळ्यांना सांगते. त्या वेळी प्रोसेसरकडे पाहण्याची गरज मला वाटली नव्हती.

गरज वाटली ती २०२३ च्या जुलैमध्ये. त्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता आणि ३१ जुलै ही अखेरची तारीख होती, जी नंतर ३ ऑगस्टपर्यंत वाढली. एका अर्जामागे केंद्रचालकाला ४० रुपये मिळायचे. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक, पीकपेऱ्याचे घोषणापत्र, हे सगळे कागद पावसात भिजू नयेत म्हणून युरियाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माणसे ओसरीवर बसून राहत. दिवसा गर्दीमुळे अर्जाचे पान उघडत नसे, म्हणून मी रात्री दहानंतर बसत असे आणि माझ्याबरोबर बाहेर आठ-दहा जण जागत. अशा एका रात्री एका म्हाताऱ्या आजींचा अर्ज अखेरच्या पानावर असताना लॅपटॉपचा पंखा एकदम चढा आवाज करू लागला आणि पडदा काळा झाला. मी पुन्हा सुरू केला, तो पुन्हा बंद पडला. तळाला हात लावला तर तव्यासारखा चटका बसला. आजी काहीही न बोलता आपले कागद पुन्हा घडी करू लागल्या, आणि ते मला कुणी रागावण्यापेक्षा जड गेले. त्या महिन्यात असे अनेकदा घडले. बंद पडला नाही तर तो इतका मंदावायचा की टाइप केलेली अक्षरे पडद्यावर एकेक करून उगवायची.

यवतमाळच्या एका दुकानात मी तो दाखवला, तेव्हा दुकानदाराने झाकणावरचा निळा चौकोन पाहूनच निदान केले. आय-थ्री आहे, बारा वर्षांचा आहे, आता त्याच्यात जीव राहिलेला नाही, नवा घ्या. नवा घेणे त्या महिन्यात शक्य नव्हते. परंतु निदानाचा पहिला भाग मी तिथल्या तिथे मान्य केला, ही गोष्ट मला आज नोंदवून ठेवाविशी वाटते. मीही खरोखर पाहिले होते ते त्या चौकोनाकडेच.

मग मी शोध सुरू केला आणि त्या शोधात मला मनापासून आनंद मिळाला, हेही खरे आहे. माझा लॅपटॉप अशा काळातला होता जेव्हा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असे आणि काढता येत असे. पातळ लॅपटॉपांत तेव्हाही तो मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, डाख देऊन पक्का केलेला असायचा, पण जाडजूड साध्या लॅपटॉपांत सॉकेट असायचा. इंटेलची चौथी पिढी २०१३ मध्ये आली आणि तिथवर हे चालले. पाचव्या पिढीपासून त्यांचे लॅपटॉपचे सगळेच प्रोसेसर डाख दिलेले येऊ लागले आणि ती खिडकी बंद झाली. शिवाय एका पिढीचा सॉकेट दुसऱ्या पिढीला चालेलच असे नसते. पहिल्या पिढीचा वेगळा, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचा एक, चौथीचा पुन्हा वेगळा. दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसतो खरा, पण बायोसने, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीने, त्याला ओळखले नाही तर पडदा काळाच राहतो. म्हणून मी दुसऱ्याच पिढीत राहायचे ठरवले.

त्यातही मोह होता. चार कोरचा आय-सेव्हन त्याच सॉकेटमध्ये बसणारा होता आणि जुन्या मालात मिळतही होता. पण तो ४५ वॉटचा होता आणि माझ्या लॅपटॉपमधली तांब्याची नळी व पंखा ३५ वॉटची उष्णता बाहेर टाकण्यासाठी घडवलेले होते. दहा वॉट म्हणजे एका लहान एलईडी दिव्याएवढी वीज, ती ऐकायला काहीच वाटत नाही. परंतु आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, खोलीवर टिनाचे छत आहे, आणि दुपारी टेबलावर ठेवलेला स्टीलचा पेलासुद्धा हाताला गरम लागतो. पंखा जी हवा आत ओढणार तीच मुळी तापलेली असते. थंड शहरातल्या माणसाने दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, हे मला शेतीतल्या बियाण्यांवरून ठाऊक होते आणि इथेही तेच लागू पडत होते. शेवटी मी आय-फाइव्ह २५२०एम निवडला. कोर दोनच, वॉट ३५ च, पण मूळ वेग २.५ आणि गरज पडल्यास ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढणारा. माझ्या आय-थ्रीला असे चढणे मुळातच दिलेले नव्हते. दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून तो पंधराशे रुपयांच्या आत आला. कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या यंत्रातला, पण फेसाच्या तुकड्यावर अलगद झोपवलेला.

आता त्या संध्याकाळकडे परत येते. बॅटरी काढून पॉवरचे बटण थोडा वेळ दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. झाकण निघाल्यावर आधी दिसली ती काळपट पडलेली तांब्याची चपटी नळी, जिच्या एका टोकाला प्रोसेसर आणि दुसऱ्या टोकाला पंख्यापुढची बारीक पट्ट्यांची जाळी असते. तिच्या स्क्रूंशेजारी एक, दोन, तीन, चार असे आकडे कोरलेले असतात. ते स्क्रू उलट्या क्रमाने आणि प्रत्येकी एकेक फेरा असे सैल करावे लागतात, कारण एकाच कोपऱ्यावर भार आला तर त्या काळ्या आरशाचा टवका उडू शकतो. नळी उचलली तेव्हा आतली पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळक्या चुन्यासारखी भुरभुरली. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास ओसरीवर पसरला आणि एक बैल फुरफुरला. पंखा उघडून मी त्याच्या तोंडाशी साचलेला कचरा चिमट्याने ओढला. तो करडा, दाट आणि बोटभर लांब पट्टा सलग बाहेर आला. मी तो सतरंजीच्या कडेला टाकला आणि पुढच्या कामाला लागले.

सॉकेटच्या एका बाजूला प्लॅस्टिकचा स्क्रू असतो आणि त्याच्याजवळ उघड्या व बंद कुलपाची चित्रे काढलेली असतात. चपट्या पेचकसाने त्याला अर्धा फेरा दिला की वरची पाटी केसभर सरकते आणि ९८८ पिना एकाच क्षणी मोकळ्या होतात. आवाज होत नाही, बोटांना फक्त एक सूक्ष्म धक्का कळतो. मी जुना प्रोसेसर कडांनी धरून सरळ वर उचलला आणि उलटून पाहिला. चौफुलीवर लावलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, कुठूनही पाहा, उभ्या-आडव्या दोन्ही तासांतून नजर सरळ धुऱ्याला भिडते. त्या सोनेरी पिना तशाच होत्या, नऊशे अठ्ठ्याऐंशी झाडे आणि एकही वाकलेले नाही. नवा बसवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा असतो आणि तो आपल्या वजनाने आत पडेपर्यंत बोटाने अजिबात दाबायचे नसते. त्या क्षणी मी श्वास रोखला होता. तो पडला. अर्धा फेरा उलट दिला, तुरीच्या डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली, नळी बसवली, आणि याच वेळी बाबा पायरीवर येऊन टेकले होते.

सुरू करताच पडदा काही क्षण काळा राहिला. मी मनात मोजत होते. बारावर तो उजळला आणि बायोसच्या पानावर आय-फाइव्हचे नाव आले. लॅपटॉप झपाझप उघडला, पंखा इतका मऊ फिरत होता की तो चालू आहे हे पाहायला मला कान लावावा लागला. मला आनंद झाला, फार आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मधोमध बाबांचा प्रश्न जोंधळ्याच्या कुसासारखा टोचत राहिला.

रात्री मला चांद्या आठवला.

मी चौथीत असताना आमच्याकडे चांद्या नावाचा बैल होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. जोडीत तो डावीकडे चालायचा. एका पावसाळ्यात डवरणीला तो मागे पडू लागला. जू तिरके व्हायचे, उजव्या बैलावर सगळी ओढ यायची, डवरा तास सोडून पऱ्हाटीत शिरायचा आणि बाबांचे दिवसभराचे काम दीड दिवसाला जायचे. पावसाने दिलेली उघडीप थोडी होती आणि तण वाढत होते. बाबांनी दोन आठवडे वाट पाहिली, मग चांद्या थकला असे म्हणून त्याला तालुक्याच्या बैलबाजारात नेले. तो दोन एकरांच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याकडे गेला. पुढची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी आईने सांगितली, तीही चुलीपुढे, हलक्या आवाजात. त्या माणसाला चांद्याच्या खांद्यात, जू टेकते नेमके तिथे, कातडीखाली गाठ सापडली होती. त्याने पावसाळाभर बैलाला जुंपले नाही, गाठ पिकून फुटली, खांदा भरून आला, आणि पुढे कित्येक वर्षे चांद्या त्याच्याकडे ओढत राहिला. बाजारात भेटल्यावर त्यानेच हे बाबांना मोठ्या आपुलकीने सांगितले होते. “तुह्या बाबानं खांदा दाबून पाह्यलाच नाही,” आई म्हणाली होती, आणि लगेच पुढे म्हणाली होती, “त्याईले ते लागलं हाये, तू काही बोलू नोको.” मी कधी बोलले नाही. परंतु संध्याकाळी बैल सोडल्यावर बाबा दोन्ही बैलांच्या खांद्यांवरून अंगठा दाबत नेतात, ही त्यांची लकब मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि तिची सुरुवात केव्हा झाली असेल हा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

आणि मग मला सतरंजीच्या कडेला टाकलेला तो करडा पट्टा आठवला.

सकाळी मी तो केरातून शोधून काढला आणि उजेडात धरून ताणला. तंतू सुटले. तो कापूस होता. वरून धुळीने करडा झालेला, आत अजून पांढरा, आणि इतका घट्ट बसलेला की त्याची वात वळता आली असती. तो कुठून आला हे आमच्या घरातल्या कुणालाही सांगता आले असते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल या आशेने विदर्भातल्या घराघरांत कापूस थांबवून ठेवला गेला, आणि भाव चढण्याऐवजी उतरत गेला. आमच्याकडे तो केंद्राच्या खोलीत, माझ्या टेबलाच्या मागे, छतापर्यंत भरलेला होता. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत मी त्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून काम केले. उन्हाळ्यात त्या कापसाने अंगाला खाज सुटते, आई मुलांना त्या खोलीत येऊ देत नव्हती, नाकात सतत बारीक तंतू जात होते. माझ्या श्वासात ते जात होते तर टेबलावर चोवीस तास हवा ओढणाऱ्या त्या पंख्यात किती जात असतील, हे मला एकदाही सुचले नाही. जूनमध्ये मिळेल त्या भावाने कापूस गेला, खोली मोकळी झाली, झाडून-सारवून निघाली. पंख्यात मात्र तो राहिला.

पंख्यापुढची जाळी अशी तुंबली की तांब्याने आणलेली उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. वाळलेली पेस्ट भेगाळली की प्रोसेसर आणि तांबे यांच्यामध्ये हवा शिरते, आणि हवा उष्णता पुढे नेण्यात फार आळशी असते. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला जाळून घेत नाही. तो आपला वेग आपणच उतरवतो आणि कमी वेगाने काम करत राहतो, आणि तेवढ्यानेही तापमान आवरेना तर यंत्र बंद करतो. हे मी पदविकेच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. जुलैच्या रात्री पडद्यावर एकेक करून उगवणारी अक्षरे म्हणजे त्या आय-थ्रीने स्वतःला सांभाळत, गुदमरत केलेले काम होते. मी त्याला मंद म्हटले.

तान्हा पोळ्याच्या दिवशी, १५ सप्टेंबरला, बाहेर रस्त्यावरून मुले चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत नेत होती आणि त्या चाकांचा करकराट ओसरीपर्यंत येत होता. मी लॅपटॉप पुन्हा पालथा घातला. बाबांनी या वेळी काही विचारले नाही. ते आपणहून येऊन बसले आणि मोबाइलचा दिवा सॉकेटवर धरून राहिले. मी नवा काढला, जुना बसवला, तीच ताजी पेस्ट, तोच स्वच्छ पंखा. मग जुलैतल्यासारखेच काम त्याला दिले. पाच कागदांची स्कॅन केलेली चित्रे जोडून एक फाइल करायची, सोबत दहा-बारा पाने उघडी ठेवायची, आणि हेच सलग तासभर करायचे. एक फाइल व्हायला त्याला सव्वा मिनिट लागत होते. त्याच कामाला आदल्या दिवशी आय-फाइव्हने मिनिटाला थोडे कमी घेतले होते. जुलैमध्ये मी कधी घड्याळ लावले नव्हते, पण तेवढ्या वेळात बाहेरच्या माणसाचे तंबाखू मळून, खाऊन, पिंक टाकून व्हायचे हे मला स्पष्ट आठवत होते. तासाभरानंतरही लॅपटॉपचा तळ कोमट होता, त्यावर तळवा ठेवून मला बसता येत होते.

“चालते तं,” बाबा म्हणाले.

“चालते,” मी म्हणाले.

त्यांनी दिवा बंद केला, पण ते उठले नाहीत. बऱ्याच वेळाने, रस्त्याकडे पाहत, “आपलं लक्षच नसते कधी कधी,” इतकेच म्हणाले. ते माझ्याविषयी होते की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही. आईने बोलू नको म्हणून सांगितले होते आणि मलाही बोलायचे नव्हते. आम्ही दोघे त्या उघड्या यंत्राच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

आठवड्याने मी आय-फाइव्ह परत बसवला. तो थोडा का होईना वेगवान आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा वेळ हा त्यांच्या मजुरीचा वेळ असतो, हे मला डावलता येत नव्हते. हा निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते, आणि तरी सॉकेटचा तो स्क्रू फिरवताना पहिल्या वेळचा उत्साह हातात नव्हता. आय-थ्री पुन्हा डबीत गेला. डबी मी कागदपत्रांच्या कपाटात ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘चालू आहे’.

दिवाळीनंतर शेजारच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्यांचा लॅपटॉप आणून दाखवला. निकालपत्रके भरताना तो अडकतो, मधेच बंद होतो, मुलांना चित्रफीत दाखवायला घेतली तर आवाज पुढे आणि चित्र मागे राहते, अशी तक्रार होती. यंत्र माझ्याच लॅपटॉपच्या काळातले होते. आतला प्रोसेसर सेलेरॉन बी८१० होता, १.६ गिगाहर्ट्झचा, दुसऱ्याच पिढीतला आणि त्याच ९८८ पिनांच्या सॉकेटमधला. आय-थ्री त्याच्यापेक्षा पुष्कळ वरचढ होता आणि तिथे सहज बसला असता. मी शिक्षकांना तसे सांगितलेही, त्यांना आनंद झाला, आणि एका रविवारी ती डबी पर्समध्ये घालून मी शाळेत गेले.

वर्गात कुणी नव्हते. खिडकीतून कापणी झालेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास येत होता. मी टेबलावर लॅपटॉप पालथा घातला, झाकण काढले, पंखा उघडला. आत खडूची भुकटी पिठासारखी थापली गेली होती आणि जाळीच्या तोंडाशी पांढऱ्या धुळीची अख्खी भिंत उभी होती. मी ती ब्रशने थोडी थोडी करून सगळी काढली, पात्यांच्या मागची, जाळीच्या पट्ट्यांमधली, कोपऱ्यांतली. नळी उचलली, चुन्यासारखी झालेली पेस्ट पुसली, आणि सेलेरॉनचा काळा आरसा लख्ख झाल्यावर नवी पेस्ट त्याच्यावरच ठेवली. स्क्रू एकापासून चारपर्यंत क्रमाने आवळले. शिक्षकांनी डबीकडे पाहून विचारले, “मॅडम, हा बसवायचा राहिला ना?” मी म्हणाले, “सर, आधी याला तासभर चालवून पाहू.” लॅपटॉप सुरू केला, मुलांची ती चित्रफीत लावली, आणि तळव्याला तळाची ऊब लागते का हे पाहत आम्ही दोघे बाकावर बसलो. डबी बंदच होती.